टायर बदलला की गाडी पहिल्यापासून मांडावी लागते

पिटलेन
एफ-वनच्या २०२६ च्या नियमांवर इथे आधीच चर्चा झाली आहे, पण सगळी इंजिन, बॅटरी आणि उघडमीट करणाऱ्या विंगची (गाडीला खाली दाबणाऱ्या पंखाची). टायरबद्दल कुठे एखादी ओळ. गाडी कशी घडते हे समजून घ्यायचं तर सुरुवात टायरपासून व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे, म्हणून वेगळा धागा.

आधी बदल काय ते. रिम १८ इंचीच राहिली. पुढच्या टायरची रुंदी ३०५ मिमीवरून २८० वर आली, मागच्याची ४०५ वरून ३७५ वर. व्यास पुढे १५ मिमीने आणि मागे १० मिमीने घटला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण टक्केवारी काढून बघा, पुढचा टायर मागच्यापेक्षा किंचित जास्त आक्रसला आहे. म्हणजे पकडीचा तोल पुढून मागे सरकणार. मग वजन कुठे ठेवायचं, पुढच्या विंगला किती काम द्यायचं, सस्पेंशनचे सांधे कुठे बसवायचे, हे सगळं नव्याने ठरवणं आलं. आणि टीमला गाडीचे बहुतेक भाग स्वतः आखता येतात, टायर मात्र २०११ पासून एकट्या पिरेलीकडून येतो. जसा मिळेल तसा घ्यायचा आणि त्याच्याभोवती गाडी उभी करायची.

याचं मला सर्वांत बोचणारं उदाहरण म्हणजे २०१३. त्या वर्षी पिरेलीने टायरच्या सांगाड्यातला केव्हलारचा (हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याचा) पट्टा काढून स्टीलचा घातला, कंपाउंडही मऊ केले. काही टीमना ते पचले, काहींना नाही. फोर्स इंडियाची गाडी त्या टायरवर फार छान बसली होती. टायर जपायची, त्यामुळे पिट स्टॉपचं गणित जुळायचं. बहारीनला त्यांचा पॉल डी रेस्टा चौथा आला. मग ३० जूनला सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टन, मासा, व्हर्न आणि पेरेझ यांचे टायर भर वेगात फाटले. पुढच्याच आठवड्यात जर्मनीला मागच्या टायरमध्ये पुन्हा केव्हलार आलं आणि हंगेरीपासून २०१२ चा सांगाडा व त्यावर २०१३ चे कंपाउंड अशी जोडी आली.

निकाल बघा. फोर्स इंडियाचे पहिल्या आठ शर्यतींत ५९ गुण, उरलेल्या अकरांत १८. पाचव्या जागेची आशा गेली, मॅक्लारेन पुढे निघून गेली. आणि हंगेरीनंतरच्या नऊच्या नऊ शर्यती रेड बुलच्या फेटलने जिंकल्या, त्यात आपली बुद्ध सर्किटची शर्यतही आली. रेड बुल चांगली गाडी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी हिवाळाभर राबून त्या टायरला साजेशी गाडी बांधली, त्यांचे कष्ट हंगामाच्या मध्यावर पुसले गेले.

माझं म्हणणं एवढंच: टायरचा आराखडा गाडीच्या आराखड्याआधी पक्का व्हावा, आणि तो खऱ्या, चालू वर्षाच्या गाडीवर तपासायला पुरेसे दिवस मिळावेत. आज दोन्ही होत नाही.

तिसरा गिअर
लेख आवडला, पण पटला नाही. टायर सगळ्यांना सारखेच मिळतात ना? मग अन्याय कसला? आणि २०१३ ला टायर फाटत होते, माणसाचा जीव गेला असता. बदलायलाच हवे होते.

पिटलेन
@तिसरा गिअर, सुरक्षिततेसाठी बदलणं योग्यच होतं, त्यावर मतभेद नाही. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. पिरेलीकडे त्या वेळी टेस्टसाठी चालू काळाची गाडीच नव्हती, काही वर्षं जुन्या गाडीवर नवे टायर तपासले जायचे. डाउनफोर्स (हवेने गाडी जमिनीवर दाबली जाण्याचा जोर) दरवर्षी वाढत जातो, जुन्या गाडीवर टायरला खरा भार कळतच नाही. त्याच मे महिन्यात मर्सिडीजने पिरेलीसाठी बार्सिलोनाला २०१३ ची गाडी १००० किमी पळवली तर केवढा गहजब झाला! प्रकरण एफआयए या नियामक संघटनेच्या न्यायाधिकरणापर्यंत गेलं, मर्सिडीजला समज मिळाली आणि तरुण ड्रायव्हरांच्या टेस्टमधून बाहेर ठेवलं गेलं. नियम मोडला होता, शिक्षा बरोबर. पण नव्या टायरला नवी गाडी हवी, ही गरज खरी होती.

"सारखेच टायर" हेही अर्धंच खरं. टायर सारखा असतो, पण तो कोणत्या गाडीखाली आहे त्यावर तो कसा वागेल ते ठरतं.

वाऱ्याची दिशा
वरच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडून भर. मी इंग्लंडमध्ये एरोडायनॅमिक्सच्या कामात आहे, एफ-वन टीममध्ये नाही, पण विंड टनलमधली (वारा सोडून गाडी तपासायच्या बोगद्यातली) मॉडेलं आणि त्यांची चाकं हा रोजचा विषय.

बाहेरून बघणाऱ्याला टायर म्हणजे पकड एवढंच दिसतं. आमच्यासाठी टायर हा आधी हवेतला एक मोठा अडथळा आहे, तोही फिरणारा आणि आकार बदलणारा. गाडीचा भार आला की टायरचा तळ चपटा होतो आणि जमिनीजवळची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फुगून बाहेर येते. फिरता टायर जमिनीला टेकतो तिथे पुढची हवा चिमटीत सापडते आणि दोन्ही बाजूंना जोराने फेकली जाते. मागच्या टायरच्या आतल्या बाजूने निघणारा असा झोत थेट डिफ्यूझरच्या (गाडीच्या तळाच्या मागच्या, वर चढत जाणाऱ्या भागाच्या) कडेत शिरतो आणि डाउनफोर्स खातो. फ्लोअरच्या, म्हणजे गाडीच्या तळाच्या, मागच्या कोपऱ्यात बारीक कातरे, वळलेल्या कडा, छोटे पंख दिसतात ना, त्यातले बरेचसे या एका झोताला आवरण्यासाठी असतात.

आता विचार करा. टायर ३० मिमीने अरुंद झाला, व्यास घटला, साइडवॉलचा फुगवटा बदलला. तो झोत आता वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात येणार. जुन्या फ्लोअरवरचा तो सगळा बारीक अभ्यास नव्याने करायचा.

आणि हे तपासायचं कुठे? एफ-वनच्या विंड टनलमध्ये मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं आणि वारा सेकंदाला ५० मीटर, त्यापुढे परवानगी नाही. मॉडेलच्या चाकांसाठी त्याच प्रमाणातले रबरी टायर पिरेलीच पुरवते. हे छोटे टायर खऱ्या टायरसारखेच दबले आणि फुगले तर मोजमाप विश्वासाचं, नाहीतर टनलमध्ये एक आणि ट्रॅकवर दुसरंच. म्हणून टीम या छोट्या टायरची वाट शर्यतीच्या टायरइतकीच आतुरतेने बघतात. ते उशिरा आले किंवा नंतर बदलले तर तोवरचे टनलमधले तास पाण्यात. आणि तास मोजून मिळतात, आदल्या हंगामात जितके वर तितके कमी.

कोकणकडा
वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: सांगाडा आणि कंपाउंड वेगवेगळे बदलता येतात म्हणजे नक्की काय? टायर म्हणजे रबर एवढंच आम्हाला माहीत.

रबराचा वास
@कोकणकडा, भाबडा नाही, मुळाचा प्रश्न आहे. मी इंजिनीअरिंगला असताना फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग गाडी बांधायच्या स्पर्धेच्या) टीममध्ये सस्पेंशन बघायचो, त्या अनुभवातून सांगतो.

सांगाडा म्हणजे आतले धाग्यांचे थर आणि पट्टे. भाराखाली टायर कसा वाकेल, जमिनीवर त्याचा ठसा किती लांब-रुंद पडेल, हे तो ठरवतो. कंपाउंड म्हणजे वरचं रबर. ते किती तापमानाला चिकट होईल, किती झिजेल, हे ते ठरवतं. सांगाडा बदलला की प्रामुख्याने सस्पेंशनचं आणि हवेचं गणित बदलतं, कंपाउंड बदलला की तापमानाचं. २०१३ च्या हंगेरीत एक बदललं आणि दुसरं ठेवलं, त्यामुळे ती जोडी त्या वर्षीच्या कुठल्याच गाडीच्या हिशोबात नव्हती.

आता आमच्या छोट्या गाडीवर हे कसं दिसायचं ते सांगतो. विद्यार्थ्यांच्या टीमसाठी एक सामाईक टायर टेस्ट योजना आहे. अमेरिकेत बफेलोला कॅलस्पनच्या यंत्रावर टायर फिरवतात आणि वेगवेगळा भार, हवेचा दाब, कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) ठेवून बाजूचा जोर मोजतात. ती माहिती सभासद टीमना मिळते. पॅचेका या डच प्राध्यापकांचं सूत्र वापरून त्या आकड्यांतून रेषा बसवायची आणि त्यावर गाडी आखायची. पण यंत्राचा पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत असतो, तिथली पकड खऱ्या डांबरावर मिळत नाही. म्हणून आकडे साधारण दोन तृतीयांशाने गुणून घ्यायची पद्धत आहे. तो गुणक चुकला की पुढचं सगळंच थोडं थोडं चुकतं.

आमच्या वेळी १३ इंची रिमवरून १० इंचीवर जायचं ठरलं. चाक हलकं होणार म्हणून सगळे खूश. मग कळलं की ब्रेकची डिस्क रिममध्ये मावत नाही. डिस्क लहान केली तर तिला आवळणारा कॅलिपर बदलावा लागतो, कॅलिपर बदलला की चाक धरणारं अपराइट नवं, अपराइट नवं म्हटलं की विशबोनची, म्हणजे सस्पेंशनच्या दांड्यांची, टोकं सरकली. टायर एक बदलला आणि गाडीचे चारही कोपरे कोऱ्या कागदावर आले.

कोइंबतूरला कारी स्पीडवेवर गाडी आत आली की एकाने सुईचा तापमापक घेऊन धावायचं. सुई रबरात दोन-तीन मिमी खुपसायची, आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, या क्रमाने. दुसरा आकडे लिहून घ्यायचा. अर्धा मिनिट उशीर झाला तर पृष्ठभाग निवतो आणि आकडे खोटे पडतात. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा पंधरा-सोळा अंशांनी गरम निघाली की समजायचं कँबर जास्त आहे, टायर आतल्या कडेवर उभा आहे. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. एफ-वनमध्ये हेच काम गाडी पळत असताना सेन्सर आणि कॅमेरे करतात, पण विचारायचा प्रश्न तोच: टायरचा सगळा ठसा सारखं काम करतोय का?

जुनी टायमिंग शीट
रबराचा वास यांचा प्रतिसाद वाचून टिरेल पी-३४ आठवली. सहा चाकांची गाडी, १९७६. डेरेक गार्डनरनी पुढे दहा इंची चार छोटी चाकं लावली, म्हणजे ती पुढच्या विंगच्या आडोशाला राहतील आणि वळणात रबर जास्त टेकेल. स्वीडनमध्ये शेक्टर पहिला, डेपाये दुसरा. कल्पना चालली! आणि मग टायरनेच मारली. तो छोटा टायर एकट्या टिरेलसाठी बनायचा. गुडइयरने इतर सगळ्यांचे टायर सुधारत नेले, या चार छोट्या चाकांकडे तितकं लक्ष देणं त्यांना परवडेना. १९७७ मध्ये गाडीचा मागचा भाग पुढच्याला ऐकेना आणि वर्षअखेर पी-३४ संपली. इतकी धाडसी गाडी आपल्या हातात नसलेल्या एका वस्तूपायी जावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि नारायण कार्तिकेयनला कसं विसरणार? १९ जून २००५, इंडियानापोलिस. शुक्रवारी आतल्या बाजूला उतरत्या, तिरक्या तेराव्या वळणावर राल्फ शुमाकरचा मिशेलिन टायर फुटला. तो ट्रॅक नव्याने घासून खरखरीत केलेला होता. ब्रिजस्टोनच्या मालकीच्या फायरस्टोनने तिथल्याच इंडी ५०० शर्यतीसाठी टायर दिले होते, त्यांना पृष्ठभागाचा अंदाज होता. मिशेलिनला नव्हता. वॉर्म-अप फेरी संपल्यावर मिशेलिनच्या चौदा गाड्या आत वळल्या आणि शर्यतीला उरल्या सहा. नारायण जॉर्डन टीमच्या गाडीतून चौथा आला, पाच गुण, एफ-वनमध्ये भारतीयाचे पहिले गुण. लोक त्या गुणांना कमी लेखतात ते मला अजिबात आवडत नाही. समोर आलेली शर्यत त्याने नीट पूर्ण केली.

तिसरा गिअर
वाचतोय, फार माहिती मिळते आहे. तरीही @पिटलेन, तुमच्या "टायर आधी पक्का करा" ला माझं उत्तर: २०२०. टायर पक्का ठेवण्याचा परिणाम काय झाला ते बघा. २०१९ च्या डिसेंबरात अबू धाबीला टीमनी २०२० चे नवे टायर चालवून पाहिले आणि एकमताने नाकारले. म्हणजे २०२० ला जुनेच टायर. गाड्या मात्र थांबल्या नाहीत, डाउनफोर्स वाढत गेला. सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना मागे हळू चालवणारी गाडी) लवकर आली, बहुतेकांनी तेव्हाच टायर बदलले आणि पुढे चाळीसेक फेऱ्या त्याच संचावर काढायच्या ठरवल्या. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत बोटास, साइंझ आणि हॅमिल्टन, तिघांचा पुढचा डावा टायर गेला. हॅमिल्टन तीन चाकांवर जिंकला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, पण ते भयंकर होतं. शेवटी २०२१ साठी फ्लोअर कापून डाउनफोर्स कमी करावा लागला आणि नवा सांगाडा आणावाच लागला. टायर गोठवला की गाडी त्याच्या पुढे निघून जाते.

पिटलेन
हा मुद्दा वजनदार आहे. पण त्या डिसेंबरात टीमनी टायर नाकारले कशामुळे? २०२० च्या गाड्या तोवर आखून झाल्या होत्या, २०१९ च्या टायरचा अभ्यास हातात होता. नवा टायर घेतला तर तो सगळा बाजूला ठेवावा लागला असता. मतदान टायरच्या गुणावर झालं नाही, आपापल्या गाडीच्या सोयीवर झालं. तो टायर सहा महिने आधी टीमच्या हाती असता तर गाड्याच त्याच्याभोवती आखल्या गेल्या असत्या.

२०१९ चीच दुसरी गोष्ट. रबर तापून फोड येऊ नयेत म्हणून वरचा थर ०.४ मिमीने पातळ केला. ०.४ मिमी! पण थर पातळ म्हणजे टायर उष्णता कमी साठवतो, त्याला कामाच्या तापमानात आणणं आणि तिथे टिकवणं अवघड. मर्सिडीजला ते जमलं, पहिल्या आठही शर्यती त्यांच्या. हास टीमला जमेना. शनिवारी पात्रता फेरीत गाडी वेगवान, रविवारी शर्यतीत टायर थंड आणि दहा जण पुढे. वैतागून त्यांनी आपला ड्रायव्हर ग्रोजाँ याला हंगामाच्या मध्यात मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीच्या वेळचे जुने भाग लावून पळवलं. नवे भाग चुकले की टायर, हेच कळत नव्हतं. ऑस्ट्रियाला २०१८ चे टायर परत आणावेत का यावर टीमचं मत घेतलं तर पाच विरुद्ध पाच. बदलासाठी ७० टक्के लागत होते, विषय तिथेच संपला.

टायर बदलला की टीमचं खरं नुकसान मला तिथेच दिसतं. पैसा जातोच, पण मोजमापावरचा विश्वासही जातो. नवं विंग लावलं, गाडी हळू झाली. विंग वाईट की टायर तापला नाही? उत्तर मिळेपर्यंत तीन शर्यती जातात.

कोकणकडा
मग पिरेली नवे टायर टेस्ट करते कशावर? पुढच्या वर्षीची गाडी तर तेव्हा जन्मालाच आलेली नसते.

रबराचा वास
जुन्या गाडीवरच, तिला बदलून. त्यांना म्यूल कार म्हणतात. २०१७ ला टायर रुंद होणार होते, तेव्हा फेरारी, रेड बुल आणि मर्सिडीजने २०१५ च्या गाड्या रुंद टायरसाठी दुरुस्त केल्या. पहिली फेरी २०१६ च्या ऑगस्टमध्ये फेरारीच्या फियोरानो ट्रॅकवर फेटलने मारली. पण त्या गाड्यांना २०१७ इतका डाउनफोर्स निघालाच नाही. म्हणून पिरेलीने सावधपणे टायर जरा जास्तच कडक ठेवले. १८ इंची टायरसाठी २०१९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या पॉल रिकार ट्रॅकवर रेनोची म्यूल कार धावली. २०२६ साठी उलटी अडचण होती: नवी गाडी हलकी आणि डाउनफोर्स कमी, म्हणून जुन्या गाडीची विंग लहान करून भार उतरवावा लागला.

या टेस्टमध्ये ड्रायव्हरला सांगत नाहीत कोणता टायर लावला आहे. त्या टीमला फायदा होऊ नये म्हणून माहिती सगळ्या टीमना वाटली जाते. त्याशिवाय पिरेली टायरचं संगणकी मॉडेल देते, ते टीम आपल्या सिम्युलेटरमध्ये घालतात. गाडी बनण्याआधी ड्रायव्हर त्या टायरवर शेकडो फेऱ्या मारून बसलेला असतो. मॉडेल खऱ्या टायरच्या जितकं जवळ तितकी गाडी पहिल्या दिवशी जवळ. मोठ्या टीमकडे ते मॉडेल आपल्या मोजमापांनी दुरुस्त करणारी माणसं असतात, छोट्यांकडे कमी. म्हणून टायर बदलाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे पिटलेन यांचं म्हणणं मला पटतं.

तिसरा गिअर
ठीक, टायर आधी ठरावा हे मान्य. पण मग गाड्यांचा डाउनफोर्स किती वाढू शकतो यालाही मर्यादा आधीच ठरवा. एक बाजू बांधून दुसरी मोकळी ठेवली तर २०२० पुन्हा होईल.

पिटलेन
मान्य. दोन्ही एकत्रच हवं.

कोकणकडा
शेवटचा प्रश्न. पावसातल्या टायरचं काय? आमच्याकडे जून ते सप्टेंबर ट्रॅक ओलाच, म्हणून जास्त उत्सुकता.

वाऱ्याची दिशा
तिथली अवस्था सर्वांत बिकट. टेस्टसाठी पाऊस हुकमी मिळत नाही. फियोरानो आणि पॉल रिकारला फवारे लावून ट्रॅक भिजवता येतो, पण ते पाणी सारख्या थराचं असतं, खऱ्या पावसातली तळी आणि ओहोळ तिथे नाहीत.

पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किमीला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, इंटरमीजिएट (कमी ओल्या ट्रॅकचा टायर) ३० लिटर. टायर आपलं काम करतो, पण ते पाणी जातं कुठे? हवेत. शिवाय डिफ्यूझर जमिनीवरचं पाणी वर ओढून मागे फेकतो ते वेगळंच. मागच्या ड्रायव्हरला काही दिसत नाही. २०२१ ला स्पामध्ये म्हणूनच सेफ्टी कारमागे जेमतेम काही फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण वाटले गेले. चाकांवर मडगार्डसारखी कव्हरं लावून २०२३ ला सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ ला फियोरानोला बघितलं, फवारा पुरेसा कमी झाला नाही, कारण डिफ्यूझरचा वाटा तसाच राहतो.

त्यामुळे पावसाळी टायर लागावा इतकं पाणी साचलं की शर्यत थांबवतात आणि पुन्हा सुरू होते तेव्हा सगळे इंटरमीजिएटवर जातात. तो टायर शर्यतीत जवळजवळ चालतच नाही, म्हणून त्याची माहिती जमत नाही, आणि माहिती नाही म्हणून तो सुधारायला वेळ लागतो. टेस्टचे दिवस वाढवायचेच असतील तर माझी मागणी राहील की आधी ओल्या ट्रॅकचे वाढवा, आणि चालू वर्षाच्या दोन गाड्या एकामागे एक पळवून वाढवा. एकटी गाडी भिजल्या ट्रॅकवर फिरवून मागच्या ड्रायव्हरला काय दिसतं ते कळणार नाही.

पिटलेन
दोन गाड्यांची मागणी रास्त आहे. २०२६ च्या टायरची रुंदी कमी झाल्याने फवाराही कमी होतो का, हे पहिल्या ओल्या शर्यतीत बघून इथेच लिहितो.